डिकीवरचं नाव आणि अंगावरचा नंबर

आजचा विषय आहे जुन्या जर्मन गाड्यांचे नंबर कसे वाचायचे. सुरुवात एका फजितीपासून करतो. फजिती माझीच आहे, त्यामुळे कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

माझ्या एका मित्राकडे १९८० सालची मर्सिडीज आहे. डिकीवर डावीकडे कंपनीचं नाव, उजवीकडे चकचकीत आकड्यांत '२००'. हेड गॅसकेट उडालं होतं. इथे मिळेना, म्हणून जर्मनीहून मागवायचं ठरलं आणि ऑर्डर द्यायचं काम मी अंगावर घेतलं. मोठ्या ऐटीत लिहून पाठवलं: मर्सिडीज २००, पेट्रोल, १९८० मॉडेल, हेड गॅसकेट एक नग. दीड महिन्याने पार्सल आलं. कस्टम ड्युटी भरली. मिस्त्रीने गॅसकेट ब्लॉकवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पट्ट्या, बोल्ट, पाण्याची भोकं, एकही गोष्ट जुळत नव्हती. सिलिंडरची भोकंसुद्धा दोन मिलिमीटरनी लहान.

मी पाठवणाऱ्याला रागाने पत्र लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: तुमच्या गाडीचा चासी नंबर कळवा. तो मी कळवलाच नव्हता. मला वाटलं होतं, 'मर्सिडीज २००, १९८०' एवढं सांगितलं की गाडी ओळखू यायला पुरेसं आहे. ते पुरेसं नव्हतं. १९८० साली, एकाच शरीरात, एकाच '२००' नावाने, कंपनीने दोन वेगवेगळी इंजिनं विकली. आधी एम ११५ नावाचं जुनं इंजिन, १९८८ सीसी, सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर. मग त्याच वर्षी एम १०२ नावाचं नवं इंजिन, १९९७ सीसी, व्यास ८९ मिलिमीटर. जुन्याची ताकद ९४ अश्वशक्ती, नव्याची १०९. डिकीवरचा बिल्ला बदलला नाही, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती दोन लिटरचीच गाडी होती.

आपल्याकडे घरातलं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं असतं. घरात 'बाळू' अशी हाक मारली तर चौघे उठून येतात. पासपोर्टच्या खिडकीवर बाळू म्हणून भागत नाही. गाडीचंही तसंच असतं. डिकीवरचं नाव हे हाक मारायचं नाव आहे, विक्री खात्याने ठेवलेलं. कारखान्यातल्या लोकांनी दिलेलं नाव निराळं, आणि त्या एका विशिष्ट गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर आणखी निराळा. आज आपण या तिन्हींकडे बघू. मर्सिडीजवर जास्त वेळ देणार आहे, कारण तिथली पद्धत सगळ्यात शिस्तीची आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त गंमतीही आहेत.

आधी हाक मारायचं नाव. मूळ नियम अगदी सोपा. इंजिन किती सीसीचं, तो आकडा दहाने भागायचा. २४०० सीसी म्हणजे २४०, तीन लिटर म्हणजे ३००. मग अक्षरं. डी म्हणजे डिझेल. ई म्हणजे आइनश्प्रित्सुंग, पेट्रोल इंजेक्शन. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला हे ई नसायचं. एल म्हणजे लांग, लांब. सी म्हणजे कूपे, दोन दारांची. टी म्हणजे मागे सामानाची मोठी जागा असलेली स्टेशन वॅगन. एसएल मधला एल मात्र लांब नव्हे, तो 'लाइष्ट', म्हणजे हलकी. म्हणजे '२८० सीई' वाचलं की कळावं: २.८ लिटर, कूपे, इंजेक्शन. '३०० टीडी': तीन लिटर, वॅगन, डिझेल. हे जमलं की माणसाला वाटतं आपल्याला भाषा आली.

आणि इथेच घात होतो. कारण नियम आहेत तितकेच अपवाद.

१९५० च्या दशकात मर्सिडीजची सगळ्यात मोठी गाडी होती '३००'. पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनावर ती वापरायचे, म्हणून तिला आजही आडेनावर मर्सिडीज म्हणतात. तिच्यात सुधारणा होत गेल्या तशी नावाला अक्षरं लागली: ३०० बी, ३०० सी, आणि १९५७ साली ३०० डी. हा डी छोट्या लिपीतला. तो फक्त चौथ्या आवृत्तीचा डी. गाडी शुद्ध पेट्रोलवर चालणारी. पुढे १९७० च्या दशकात '३०० डी' आली ती डिझेलची, टॅक्सीवाल्यांची लाडकी. बोलताना दोन्ही सारख्याच. एक चान्सलरची आणि एक टॅक्सीवाल्याची! (हशा)

दुसरा अपवाद उलट्या बाजूचा. आपल्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. १९६८ साली मर्सिडीजने एक गाडी काढली, तिची गोष्ट नेमकी याच्या उलट. नाव '३०० एसईएल', दिसायला मोठी, पोक्त, चार दारांची सेडान. कारखान्यातल्या काही इंजिनिअरांनी तिच्यात '६००' या प्रचंड लिमोझिनचं व्ही-आठ इंजिन बसवलं, ६.३ लिटरचं, २५० अश्वशक्तीचं. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी पाच माणसांची गाडी त्या काळात ऐकिवात नव्हती. नाव मात्र ३०० एसईएलच राहिलं, कारण शरीर त्या गाडीचं होतं. बाजूला एक छोटा आकडा आला, ६.३. तो नसता, तर दुप्पट इंजिन असलेली गाडी ओळखायला डिकीवर काहीही नव्हतं.

तिसरं उदाहरण १९०. नियमाने १९० म्हणजे १९०० सीसी. १९५५ च्या १९० एसएलला ते लागूही पडतं. पण १९८२ साली जी छोटी '१९० ई' आली तिचं इंजिन १९९७ सीसीचं, म्हणजे दोन लिटर. मग २०० का नाही म्हटलं? कारण २०० हे नाव थोरल्या बहिणीला दिलेलं होतं, आणि धाकटीने थोरलीच्या बरोबरीला बसायचं नसतं. पुढे या धाकटीत २.६ लिटरचं इंजिन घातलं तेव्हा नाव झालं '१९० ई २.६'. तोपर्यंत १९० हा आकडा राहिलाच नव्हता. ते आडनाव झालं होतं.

आता कारखान्यातलं नाव. मर्सिडीजमध्ये ते 'डब्ल्यू'ने सुरू होतं. जर्मनमध्ये उच्चार 'वे', आणि अर्थ नुसता 'वागन', म्हणजे गाडी. नवीन गाडीचं काम सुरू झालं की तिला एक क्रमांक मिळतो. माझ्या मित्राची गाडी डब्ल्यू १२३. १९७६ ते १९८६ या काळात ती सुमारे २७ लाख बनली. तिच्याआधीची डब्ल्यू ११४ आणि डब्ल्यू ११५, तिच्यानंतरची डब्ल्यू १२४.

क्रमांक लागोपाठ दिसतात म्हणून गाड्याही त्याच क्रमाने आल्या असं समजू नका. डब्ल्यू १२६ ही मोठी गाडी १९७९ ची आणि डब्ल्यू १२४ ही १९८४ ची. १९८२ च्या त्या धाकट्या १९० चा नंबर तर २०१. हे नंबर कामाचे आहेत, वयाचे नव्हेत.

११४ आणि ११५ चा मामला मजेचा आहे. गाडी एकच. १९६८ साली आली म्हणून जर्मनीत तिला 'श्ट्रिख आख्ट', म्हणजे 'तिरकी रेघ आठ' म्हणतात. शरीर तेच, दारं तीच. मग दोन नंबर का? सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर ११४, चार सिलिंडरचं असेल तर ११५. पुढे १९७४ साली याच गाडीत पाच सिलिंडरचं डिझेल आलं, तसं इंजिन उत्पादनातल्या प्रवासी गाडीत पहिल्यांदाच येत होतं. ते ना सहा, ना चार. ते ११५ मध्ये टाकलं. डिकीवर नाव लिहिलं '२४० डी ३.०', इंजिन तीन लिटरचं. तीच गाडी अमेरिकेत विकली तेव्हा बिल्ला लागला '३०० डी'. गाडी एक, दोन देशांत दोन नावं. नंबर मात्र ११५ च.

पुढे पुढे डब्ल्यूच्या जागी शरीराप्रमाणे अक्षरं आली. सेडानला डब्ल्यू, कूपेला सी, वॅगनला एस, उघड्या दोन सीटर गाडीला आर. म्हणून सी १२३, एस १२३, आर १०७. इथे एक मोठी अडचण लक्षात ठेवा. डिकीवरचा एस आणि कारखान्याचा एस यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. डिकीवर एस म्हणजे वरच्या दर्जाची गाडी, कारखान्यात एस म्हणजे सामानाची वॅगन.

आता तिसरं, म्हणजे पत्र्यावर ठोकलेला नंबर. तो वाचता आला तर बाकीचं सगळं आपोआप कळतं. डब्ल्यू १२३ चं बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो त्याच्यावर तो ठोकलेला आहे. गॅसकेटच्या फजितीनंतर आम्ही घासलेटात भिजवलेलं फडकं आणि बॅटरी घेऊन तिथे पोचलो. चाळीस वर्षांची ग्रीस पुसल्यावर आकडे वर आले: १२३ २२० १०, आणि पुढे सहा आकड्यांचा अनुक्रमांक.

पहिले तीन, १२३, हे गाडीचं कुळ. पुढच्या तीन आकड्यांत सगळा खजिना आहे. या गाडीत त्यांतला पहिला शून्य असेल तर पेट्रोल, एक असेल तर डिझेल, आणि दोन असेल तर नवं एम १०२ पेट्रोल. त्यानंतरचा आकडा शरीर सांगतो: दोन किंवा तीन म्हणजे सेडान, चार किंवा पाच म्हणजे कूपे, आठ किंवा नऊ म्हणजे वॅगन. करून बघा. १२३.१२३: डिझेल, सेडान, ही २४० डी. १२३.१९०: डिझेल, वॅगन, ही ३०० टीडी. १२३.०५३: पेट्रोल, कूपे, ही २८० सीई. जुन्या इंजिनाची २०० म्हणजे १२३.०२०, आणि आमची निघाली १२३.२२०. एका आकड्याचा फरक. तो आकडा मी आधी वाचला असता तर दीड महिना, कस्टम ड्युटी आणि मिस्त्रीचा तो कटाक्ष, सगळं वाचलं असतं.

ही किल्ली दुसऱ्या कुळाला जशीच्या तशी लावू नका. प्रत्येक कुळाची आकड्यांची मांडणी थोडी वेगळी असते. पॅगोडा छपराची एसएल घ्या, डब्ल्यू ११३. २३० एसएल ११३.०४२, २५० एसएल ११३.०४३, २८० एसएल ११३.०४४. बाहेरून या तिघी सख्ख्या बहिणी, आणि बिल्ला बदलायला दोन स्क्रू पुरतात.

तर आमच्या नंबरात पुढे होतं '१०'. यातला पहिला आकडा स्टिअरिंगचा: एक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. दुसरा गिअरचा: शून्य म्हणजे हाताने बदलायचे, दोन म्हणजे ऑटोमॅटिक. मी म्हटलं, गाडी मुळात डावीकडच्या स्टिअरिंगची होती. मित्र हसला. स्टिअरिंग तर उजवीकडे होतं, त्याच्या वडिलांनी घेतली तेव्हापासून. 'इंग्लंडहून आलेली गाडी आहे ही' असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. मग आम्ही डाव्या बाजूचा पत्रा घासला. रंगाखाली वेल्डिंगची ठिगळं निघाली. कुणीतरी कधीतरी सगळी यंत्रणा या बाजूची त्या बाजूला नेली होती. काम वाईट नव्हतं. पण मित्राच्या वडिलांनी तीस वर्षं पाहुण्यांना इंग्लंडची गोष्ट सांगितली होती, आणि त्या दिवशी ते बाजूला खुर्ची टाकून बसले होते. ते काही बोलले नाहीत. चहा आणायला सांगितला.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नंबर सतरा अक्षरी झाले. युरोपातल्या गाडीवर आधी डब्ल्यूडीबी, म्हणजे डाइमलर-बेन्झ, मग तेच सहा आकडे, मग स्टिअरिंगचा एक किंवा दोन, मग कारखान्याचं अक्षर: ए म्हणजे झिंडेलफिंगन, एफ म्हणजे ब्रेमेन. शेवटी सहा आकडे. गिअरचा आकडा यात गेला. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची मांडणी वेगळी असते, तिथे हे सहा आकडे सरळ दिसत नाहीत.

बॉनेटखाली पुढच्या बाजूला आणखी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर आणि गिऱ्हाइकाने मागितलेल्या जादा गोष्टींचे कोड. त्यांतला एक मला फार आवडतो: २६०. त्याचा अर्थ, डिकीवर मॉडेलचं नाव लावू नये. म्हणजे गिऱ्हाईक कारखान्याला सांगू शकत होतं की शेजाऱ्यांना माझं इंजिन कळता कामा नये. यात दोन प्रकारचे लोक असत. एक, ज्यांनी सगळ्यात मोठं इंजिन घेतलं आणि ते लपवायचं होतं. दुसरे, ज्यांनी सगळ्यात लहान घेतलं आणि तेच लपवायचं होतं.

बाकी कंपन्यांवर थोडक्यात. बीएमडब्ल्यूमध्ये कारखान्याचं अक्षर ई, 'एन्टविकलुंग' म्हणजे विकसन. १९७२ ची पहिली फाइव्ह सीरिज ई १२, १९७५ ची पहिली थ्री सीरिज ई २१, तिच्यानंतरची ई ३०. डिकीवर पहिला आकडा मालिकेचा आणि पुढचे दोन इंजिनाचे: ५२८ म्हणजे फाइव्ह सीरिज, २.८ लिटर. इथेही फसगत आहेच. ई ३० मधली ३२५ ई २.५ लिटरची नाही, २.७ ची आहे, आणि तो ई इंजेक्शनचा नसून 'ईटा' या ग्रीक अक्षराचा, कमी पेट्रोल खाणारं इंजिन म्हणून. शिवाय ई ३० हे गाडीवर कुठेही ठोकलेलं नसतं. सुटे भाग मागवताना चासी नंबरातली शेवटची सात अक्षरं द्यायची.

पोर्शेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तरी सांगतो. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी ठेवली, नाव ९०१. प्यूजो कंपनीने हरकत घेतली की मधे शून्य असलेली तीन आकडी नावं फ्रान्समध्ये आमची आहेत. म्हणून ९११ झालं. पण ड्रॉइंग तयार होती, भागांना नंबर पडले होते. ते कोण बदलत बसणार? सुरुवातीच्या ९११ च्या कित्येक भागांचे नंबर ९०१ नेच सुरू होतात. भांडणात सोडलेलं नाव बोल्टांवर शिल्लक राहिलं.

पोर्शेमध्ये नंबर वाचता येणं म्हणजे थेट पैशाचा प्रश्न. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ ला आज साध्या ९११ च्या कितीतरी पट किंमत येते. साध्या गाडीला मागचा पंख आणि बाजूची अक्षरं लावणं मुळीच अवघड नाही. म्हणून आधी नंबर बघायचा. खरी आरएस ९११३६० ने सुरू होते: ९११, मग १९७३ चा तीन, मग आरएसचा सहा. त्या सहाच्या जागी तीन दिसला तर ती ९११ एस, दोन दिसला तर ९११ ई. गाडी चांगली असेलही. पण पैसे कशाचे देताय ते कळलं पाहिजे.

(श्रोत्यांमधून प्रश्न: या पद्धतीचा आपल्याकडे कुठे संबंध आला का?)

आला ना! तुम्ही रोज वाचता. टाटा ४०७. चार म्हणजे साधारण चार टन, आणि शून्य-सात म्हणजे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. ट्रकची नावं ठेवायची ही डाइमलर-बेन्झची रीत. त्यांचा १११३ म्हणजे अकरा टन, १३० अश्वशक्ती. टेल्कोने १९५४ पासून त्यांच्या सहकार्याने ट्रक बनवले, ती रीत इथे राहिली. आणि दुसरं, २४० डी चं ते डिझेल इंजिन, ज्याचा नंबर ओएम ६१६. ओएम म्हणजे 'ओल-मोटोर', तेलाचं इंजिन. ते आकुर्डीला बजाज टेम्पोने परवान्याने बनवलं आणि ट्रॅक्समध्ये घातलं. तुमच्यापैकी जे वडापने तालुक्याला गेले असतील, त्यांतले बरेच जण मर्सिडीजच्या इंजिनावर बसून गेलेत. डिकीवर तसं लिहिलेलं नव्हतं इतकंच.

(प्रश्न: ठोकलेला नंबरही खोटा असू शकतो ना?)

असू शकतो. म्हणून एकच नंबर बघून थांबायचं नाही. पत्र्यावरचा नंबर, पट्टीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर ताडून बघा. इंजिनाचा नंबर वेगळा घ्या. कारखान्यात प्रत्येक गाडीचं एक डेटा कार्ड बनत असे, त्यात रंग, इंजिन नंबर, जादा कोड सगळं असतं. ते मिळालं तर त्याच्याशी ताडा. आकड्यांमधलं अंतर आणि खोली बघा. कारखान्याचा ठसा एका ओळीत असतो, हाताने ठोकलेला नाचतो. आरटीओत कागदावर पेन्सिल घासून चासी नंबरचा ठसा घेतात, तो तुम्ही स्वतःही घ्या. डोळ्याला न दिसलेली ग्राइंडरची रेघ पेन्सिलीखाली बऱ्याचदा उमटते.

आणि हो, ते चुकीचं गॅसकेट अजून माझ्याकडे आहे. १२३.०२० कुणाकडे असेल तर व्याख्यानानंतर भेटा. येताना नंबर लिहून आणा.